भिंतीलगतची खुर्ची

विद्यापीठाच्या परिषद सभागृहात लांबट टेबलाभोवती एकोणीस खुर्च्या होत्या आणि विसावी भिंतीला लागून. एकोणीस खुर्च्यांना उंच पाठ, गादीचे हात, समोर माइक. विसावीला हातच नव्हते. मांडीवर वही धरायची, मान खाली घालायची आणि लिहायचं. त्या विसाव्या खुर्चीवर सभाताई सव्वीस वर्षं बसत आली होती.

सभा विभागात होती म्हणून ती सभाताई. सभा विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, दोन कपाटं, ती आणि एक शिपाई. शिपाई वयाने तिच्याच बरोबरीचा. दोघांनी मिळून इतके कुलगुरू येताना-जाताना पाहिले होते की नव्या साहेबांची गाडी आवारात शिरली की शिपाई म्हणायचा, "चला ताई, पाटी बदला."

पाट्या तीच करायची. सभेच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन एकोणीस जणांच्या नावाच्या पाट्या टेबलावर मांडायच्या, मग एकेका खुर्चीवर क्षणभर बसून बघायचं, पाणी हाताशी येतं का, माइकची वायर पायात अडकते का. तशी ती त्या सगळ्या खुर्च्यांवर बसलेली होती. फक्त सभागृह रिकामं असताना.

भिंतीलगतच्या खुर्चीने बोलायचं नाही, असा काही लेखी नियम नव्हता. तो लिहायची वेळच कधी आली नव्हती. एखादा सदस्य जुन्या ठरावाच्या तारखेत अडकला की ती चिठ्ठी लिहायची आणि शिपाई ती चहाच्या बशीखाली घालून नेऊन ठेवायचा. सदस्य बशी उचलायचे, चष्मा चढवायचे आणि "माझ्या स्मरणाप्रमाणे..." म्हणून सुरू व्हायचे. मग ती इतिवृत्तात लिहायची, 'माननीय सदस्यांनी निदर्शनास आणून दिले.'

हे एकोणीस जण येतात कुठून, हे सगळ्या विद्यापीठात तिच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं. कुलगुरू हुद्द्याने येतात. चौघांना सरकार नेमतं. सहा जण प्राध्यापक आपल्यातून निवडून देतात, तिघे प्राचार्यांमधले, चौघे जुन्या पदवीधरांचे. झाले अठरा. एकोणिसावी, दाराजवळची खुर्ची मात्र कारकून, ड्रायव्हर, शिपाई, प्रयोगशाळेतले सहायक अशा सगळ्यांची मिळून एक. तिच्यासाठी दर पाच वर्षांनी एकेका विभागाने आपला एक प्रतिनिधी पाठवायचा. असे एकतीस जण जमतात आणि आपल्यातल्याच एकाला निवडतात.

अशा पाच निवडणुका तिने स्वतः पार पाडल्या होत्या. काम तिच्याकडे, म्हणून सभा विभागाचा प्रतिनिधी दर वेळी शिपाईच असायचा. सहाव्या खेपेला त्याने हात वर केले.

"या वेळी तुम्ही व्हा. ती मतपत्रिका हातात आली की मला घाम फुटतो."

"मी झाले तर निवडणूक कोण घेणार?"

"घेतील ते नवे उपकुलसचिव. त्यांना तरी दुसरं काय काम आहे?" मग कपाटातली फाइल काढता काढता त्याने पाठमोऱ्यानेच म्हटलं, "आणि प्रतिनिधी झालातच, तर उभ्याच राहा ना. ते पाळणाघर काही तुमच्या चिठ्ठ्यांनी व्हायचं नाही."

पाळणाघराची गोष्ट अशी होती. जिना झाडणारी बाई आपलं दीड वर्षाचं पोर जिन्याखालच्या कठड्याला कापडाच्या पट्टीने बांधून ठेवायची. ती काही पहिली नव्हती. तिच्याआधी टंकलेखन विभागातली एक जण पोराला फायलींच्या खोक्यात निजवायची, आणि तिच्या आधीही एक होती. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आवारात एक खोली असावी, हा विषय परिषदेपुढे अकरा वेळा आला होता. आला म्हणजे काय, विषयपत्रिकेच्या शेपटाला असायचा. तिथवर पोचेपर्यंत सदस्यांना गाड्या गाठायच्या असत. 'वेळेअभावी विषय पुढे ढकलण्यात आला,' हे वाक्य तिने स्वतःच्या अक्षरात अकरा वेळा लिहिलं होतं. ज्या पोरांसाठी पहिल्यांदा लिहिलं, ती आता दाढी करत असतील.

तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. लग्नच राहून गेलं. आधी भावाचं होऊ दे, मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे, असं करता करता आई अंथरुणाला लागली, आणि चार वर्षांपूर्वी गेली. आता दोन खोल्यांत ती एकटी. दाराआड खिळ्यांवर तीन शेजाऱ्यांच्या किल्ल्यांचे जुडगे टांगलेले, कारण ती कधी गावाला जात नाही हे सगळ्यांना माहीत. भाची दर रविवारी फोन करायची. मुलीला शाळेत घातलं तेव्हा फोनवर म्हणाली होती, "आत्या, फॉर्मवर दुसरा संपर्क म्हणून तुझा नंबर टाकलाय हं. आम्ही दोघं नाही सापडलो तर." शाळेचा फोन एकदाही आला नव्हता, पण दुपारच्या वेळात ती फोन बंद ठेवत नसे.

तर ती उभी राहिली. महिनाभरासाठी निवडणुकीचा शिक्का, लाख आणि पेटीची किल्ली उपकुलसचिवांच्या हवाली केली आणि अर्ज भरला. सूचक म्हणून बागेच्या मुकादमाने सही केली, अनुमोदक म्हणून टेलिफोन ऑपरेटर बाईने. दुपारचा डबा दोघी वीस वर्षं एकत्र खात होत्या.

"तुम्ही? अगंबाई!" ऑपरेटर सही करताना म्हणाली. "मग बाकीच्यांनी कशाला उभं राहायचं?"

पण राहिले तिघे. एक संघटनेचा सरचिटणीस, हुद्द्याने ड्रायव्हर. आवाजामुळे त्याला सगळे भोंगा म्हणत; तो तळमजल्यावर हळू बोलला तर तिसऱ्या मजल्यावर खिडक्या लावाव्या लागत. दुसरा परीक्षा विभागाचा अधीक्षक. त्याच्या तोंडातून 'हो' किंवा 'नाही' काढायला दोन आठवडे लागत, म्हणून त्याचं नाव लखोटा. आणि तिसरा ग्रंथालयातला बाइंडर. हा का उभा राहिला, ते त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. "एकदा राहून बघावं म्हटलं," असं तो नखातला वाळलेला डिंक कुरतडत म्हणायचा. "मला कोण मत देतंय! पण सूचनाफलकावर नाव तरी लागलं."

मतं मागायला कसं जायचं, हे सभाताईला माहीत नव्हतं. लोक तिच्याकडे येत. ती कुणाकडे गेली नव्हती. पहिल्या दिवशी ती भांडारात गेली आणि दारातच म्हणाली, "मी उभी आहे." भांडारपाल म्हणाला, "मग बसा ना." दोघेही हसले आणि पुढे काय बोलायचं ते तिला सुचेना. तरी सगळीकडे जाऊन आली. सगळीकडे एकच उत्तर मिळालं. "ताई, तुमचं काय सांगायचं? तुमचं तर ठरलेलंच आहे." शिपायाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकतीस विभाग लिहून खुणा केल्या होत्या. "एकवीस पक्के. पाच डळमळीत धरले तरी सोळा कुठे जात नाहीत."

सोळा म्हणजे एकतिसातलं बहुमत. आणि इथली मतं खुणेची नव्हती, पसंतीची होती. जो सगळ्यांत आवडता त्याच्यापुढे १ लिहायचा, त्याच्या खालोखाल २, मग ३. आधी नुसते एक मोजायचे. कुणाचेच सोळा भरले नाहीत, तर सगळ्यांत कमी एक ज्याला, तो बाद. त्याच्या मतपत्रिकांवरचे दोन तेवढे उघडायचे. ज्याचा एक जिवंत आहे, त्याच्या मतपत्रिकेवरच्या दोनाकडे कुणी बघायचं नाही. हे तिने वीस वर्षांपूर्वी सोप्या भाषेत एका पानावर लिहून काढलं होतं. दर निवडणुकीला ते पान दाराबाहेर चिकटवलं जायचं. लोक त्याला टेकून चहा प्यायचे.

मतदानाच्या दिवशी ती आडोशामागे गेली. पुठ्ठ्याच्या दोन भिंती, दोरीला बांधलेलं पेन. मतपत्रिकेवर चार नावं होती आणि आपलं नाव तिथे छापलेलं बघून तिला ओळखीच्या माणसाला परगावी भेटल्यासारखं झालं.

पेन नावापाशी नेलं आणि ते पुढे जाईना.

पाच मोजण्यांत तिने मतपत्रिका पाहिल्या होत्या. उमेदवाराने स्वतःला दिलेला १ लगेच कळायचा. कागद फाटेल इतका दाबून काढलेला असायचा. ती आणि शिपाई मागाहून त्यावर हसायचे. "हे बघा, स्वतःचे स्वतः लाडके." आता तिच्या हातून तसला आकडा उमटायचा होता, आणि तो उद्या कुणीतरी उलटून बघणार होतं. एका मताने काय होणार होतं? एकवीस पक्के होते. तिला नखं कुरतडणारा बाइंडर आठवला. त्याच्यापुढे शून्य लागलेलं सगळे बघतील, आणि तो हसण्यावारी नेईल. तिने त्याच्यापुढे १ लिहिला. स्वतःपुढे २. तीन कुणाला, याचा थोडा विचार केला. लखोट्याला काही सांगितलं तर ते त्याच्या पोटात राहील. भोंग्याला सांगितलं तर तो निदान मोठ्याने म्हणेल. ३ भोंग्याला दिला. घडी घालून पेटीत टाकली आणि बाहेर आली तेव्हा तिला काहीतरी नीटनेटकं केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता परिषद सभागृहातच मोजणी होती. उपकुलसचिव टेबलाच्या मधोमध बसले. चार उमेदवार समोर. बाकीचे मतदार भिंतीकडेने उभे. सभाताई सवयीने विसाव्या खुर्चीकडे निघाली तेव्हा शिपायाने तिला कोपराने ढोसलं. "इकडे. टेबलाशी."

ती टेबलाशी बसली. खुर्चीच्या हातांवर आपले हात ठेवले, मग काढून मांडीवर घेतले.

उपकुलसचिव मतपत्रिका उघडून एकेक नाव वाचू लागले. भोंगा. लखोटा. लखोटा. भोंगा. भोंगा. सुरुवातीला तिला वाटलं, गठ्ठा वरखाली झालेला नसेल, आपली खाली असतील. वीस झाल्या तेव्हाही असंच वाटलं. पंचविसाव्याला तिने समोरचा पाण्याचा ग्लास सरळ केला. सत्ताविसाव्याला "बाइंडर" असं आलं, आणि बाइंडर दचकून "कोण?" म्हणाला. सगळे हसले. तीसही झाल्या. एकतिसावी लखोट्याची.

"भोंगा... माफ करा, सरचिटणीस साहेब, पंधरा," उपकुलसचिवांनी आकडे मांडले. "अधीक्षक पंधरा. बाइंडर एक. आणि..." ते कागदावर बघत राहिले. "ताई, तुमचं काही दिसत नाही."

भिंतीकडेने उभे असलेले एकमेकांकडे बघू लागले. 'तू दिलं असशील म्हणून मी नाही दिलं' असं जणू प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता. ऑपरेटरने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. बागेचा मुकादम खिडकीबाहेर बागेकडे बघत होता, तिथे काही उपटायचं राहिल्यासारखा.

"पण हे बघा ना!" उपकुलसचिव मतपत्रिका भराभर उलटू लागले. "इथे दोन. इथे दोन. इथेही. ताईंना सगळ्यांनी दोन दिलेत!" त्यांनी मोजलेच. "अठ्ठावीस! एकतीसमध्ये अठ्ठावीस!"

"आम्हाला वाटलं, एक आपापल्या माणसाला द्यावा," मागून कुणीतरी पुटपुटलं. "आणि दोन ताईंना. ताई तर येणारच होत्या."

"मग आपण असं करू," उपकुलसचिव म्हणाले. ते नवे होते, आणि मनाने चांगले होते. "एक आणि दोन मिळून मोजू. कुणाची हरकत नसेल तर. ताईंना अठ्ठावीस होतात, विषय संपला. सरचिटणीस, तुमचं काय?"

भोंग्याने घसा खाकरला. जन्मात पहिल्यांदा तो हळू बोलला. "ताई म्हणतील तसं."

"अधीक्षक?"

"नियमात काय आहे?" लखोट्याने विचारलं.

आणि सगळे तिच्याकडे वळले. नियमात काय आहे, हे विचारायचं झालं की या इमारतीत सगळे तिच्याकडेच वळत.

तिने फक्त गप्प बसायचं होतं. 'तुम्ही ठरवा' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. एकतीस जणांना त्या क्षणी तेच हवं होतं. टेबलाशी बसल्यावर पायाला गालिचा लागतो, हे तिला आज कळलं होतं; रिकाम्या सभागृहात बसून बघताना ते कधी लक्षात आलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतला एक सहायक असाच समोर बसला होता. त्यालाही दोन भरपूर होते. 'मॅडम, ते नाही का धरता येत?' त्याने विचारलं होतं, आणि तिनेच त्याला 'नाही' म्हणून सांगितलं होतं. तो वरांड्यात जाऊन नळाखाली तोंड धुत बराच वेळ उभा होता.

"एक जिवंत असेपर्यंत दोन उघडत नाही," सभाताई म्हणाली. "सगळ्यांत कमी एक ज्याला, तो आधी बाद. माझं नाव काढा."

"ताई..."

"काढा. माझ्याखाली मतपत्रिकाच नाही, म्हणजे उघडायचं काही नाही. आता कमी कोण? बाइंडर. त्यांना बाद करा आणि त्यांची ती एक मतपत्रिका उघडा. तिच्यावर दोन कुणाला आहे?"

उपकुलसचिवांनी मतपत्रिका उचलली. "तुम्हाला."

"मी बाद आहे. तीन?"

"सरचिटणीस."

"मग सोळा झाले," ती म्हणाली. "सोळा विरुद्ध पंधरा. झालं."

उपकुलसचिवांनी ती मतपत्रिका सगळ्यांना दिसावी म्हणून वर धरली. निळ्या शाईतला दोन, खाली लांब शेपूट असलेला. सव्वीस वर्षांची इतिवृत्तं त्याच शेपटांनी भरलेली होती, पण इतिवृत्तं वाचतो कोण? कुणीच ओळखलं नाही. भोंग्याच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, जरा जपूनच. शिपाई मात्र त्या कागदाकडे बघत होता, आणि मग तिच्याकडे.

दुपारपासून लोक सभा विभागाच्या दारात येऊ लागले. आत कुणी येईना, चौकटीला धरूनच म्हणत, "ताई, मी तुम्हाला दोन दिलं होतं हं." भांडारपाल आला, टपालवाला आला, वीज विभागाचा आला. मुकादम फुलांची कुंडी घेऊन आला आणि ती ठेवून तसाच गेला. ऑपरेटर डबा घेऊन आली आणि रडायलाच लागली. "भोंग्याने माझ्या नवऱ्याची बदली थांबवली होती हो. त्याला एक द्यावाच लागला. मला काय माहीत, बाकीच्यांची पण बदली थांबलेली आहे!"

"असू दे गं," सभाताईने तिला पाणी दिलं. "जेव आधी."

पाच वाजता शिपाई कप विसळत म्हणाला, "मतदान गुप्त म्हणतात. एकोणीस जण कबुलीजबाब देऊन गेले." मग कप पालथे घालून तिच्यासमोर उभा राहिला. "पण ताई, शून्य कसं? एक तरी पाहिजे होतं. तुमचं स्वतःचं कुठे गेलं?"

"मत गुप्त असतं."

"ते शेपूट मी रोज बघतो."

ती टेबल आवरू लागली. त्याने तिची पिशवी तिच्या हातात दिली. "चला. मी कुलूप लावतो," म्हणाला, आणि ती फाटकाबाहेर पडेपर्यंत दारात उभा राहिला.

घरी येऊन तिने एकटीपुरता स्वयंपाक केला. एकटीपुरता अंदाज तिला अजूनही येत नसे. दर वेळी थोडं उरायचं. रविवार नव्हता, तरी भाचीचा फोन आला.

"आत्या, ते तुझं काय होतं ना आज? झालं का?"

"नाही झालं."

"अरेरे. जाऊ दे, कटकट वाचली. या वयात कशाला ती दगदग? किती मतं पडली पण?"

"सगळ्यांची पडली," सभाताई म्हणाली. "मोजण्यात आली नाहीत."

"म्हणजे गं? थांब, ही बघ काय करतेय... अगं, पाणी सांडलं! आत्या, मी नंतर करते हं."

फोन तिने टेबलावर ठेवला, मग उचलून आवाज वाढवला आणि परत ठेवला. शेजारची मुलगी किल्ली मागायला आली. सभाताईने बरोबर तिचा जुडगा काढून दिला. "आई उशिरा येणारेय," मुलगी म्हणाली. "बसतेस का?" तिने विचारलं. "नको, अभ्यास आहे." दार लावलं. खिळ्यांवर दोन जुडगे उरले.

आठवड्याभराने बाइंडर आला. जुनी इतिवृत्तं बांधायला दिलेली होती, त्यांचे चार जाड खंड छातीशी धरून. त्याने आज दाढी केली होती. खंड ठेवले तरी तो जाईना.

"ताई, एक विचारू? तुम्हाला इथल्या सगळ्यांची अक्षरं माहीत."

"विचारा."

"मला तो एक कुणी दिला?" त्याने आवाज खाली आणला. "मी नाही दिला हो. खरं सांगतो, मी माझा भोंग्यालाच दिला. म्हटलं, आपलं शून्य तर आहेच, मत कशाला फुकट घालवा. आणि मग ते माझं नाव वाचलं. म्हणजे कुणीतरी आहे ना! कुणीतरी आत जाऊन, सगळी नावं बघून, मला एक नंबर दिला. बायको म्हणते, चुकून दिला असेल. पण दोन आणि तीन पण व्यवस्थित लिहिलेत, मी बघितलं. चुकणारा माणूस इतकं नीट लिहील का?"

"नाही लिहिणार," सभाताई म्हणाली.

"म्हणजे मुद्दामच दिला?"

"मुद्दामच दिला."

"कुणी?"

शिपाई कपाटात डोकं घालून काहीतरी शोधत होता. त्याचा हात थांबला.

"मत गुप्त असतं," ती म्हणाली.

बाइंडरने मान डोलावली. उत्तर न मिळाल्याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही; उलट ते तसंच राहावं असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "मी आता सगळ्यांशी नीट बोलतो," तो म्हणाला. "न जाणो, तोच असायचा." दारातून परत वळला. "आणि ताई, तुम्हाला मी दोन दिलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

खंडांची बांधणी सुरेख होती. एरवीपेक्षा जास्तच. पाठीवर साल सोनेरी अक्षरांत ठोकलं होतं, जे तिने सांगितलं नव्हतं.

नव्या परिषदेची पहिली सभा पुढच्या महिन्यात झाली. तिने एकोणीस पाट्या मांडल्या, दाराजवळची नवी. खुर्च्यांवर बसून बघायचं मात्र तिने शिपायाला सांगितलं. "तुम्ही बघा आज." त्याने एकोणीसही खुर्च्यांवर थाटात बसून घेतलं आणि प्रत्येकीवरून एकेक हुकूम सोडला.

भोंगा अर्धा तास आधी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात नवी कोरी वही. माइकचं बटण कुठलं, ते तिने त्याला दाखवलं.

"तुम्हाला नाही लागायचा तो," ती म्हणाली.

"ताई, मला धडकी भरलीय हो." तो खरंच घामाघूम झाला होता. "मी बोलू काय इथे?"

तिने वहीतून चिठ्ठी काढून दिली. या वेळी बशीखालून नाही. त्याने वाचली, घडी घालून खिशात ठेवली.

सभा सुरू झाली. ती भिंतीलगत जाऊन बसली, वही मांडीवर घेतली. विषय एकामागून एक गेले. सव्वा तासाने सदस्य घड्याळाकडे बघू लागले, आणि कुलगुरू म्हणाले, "उरलेले विषय पुढच्या वेळी घेऊ या." ते वाक्य तिच्या पेनातून निम्मं उतरलंही होतं.

"थांबा!" भोंगा म्हणाला. पाण्याचे ग्लास हादरले. "पाळणाघर राहिलं."

"ते घेऊ पुढच्या सभेत."

"दर वेळी पुढच्याच सभेत जातं ते."

"दर वेळी म्हणजे?" कुलगुरू हसले. "एखाद-दोनदा झालं असेल."

भोंग्याने खिसा चाचपला. चिठ्ठी वर आलीच नाही. घामाने खिशाच्या आत चिकटून बसली होती. तो खुर्चीतल्या खुर्चीत पूर्ण मागे वळला, एकोणीस जणांकडे पाठ करून, भिंतीकडे.

"सभाताई, किती वेळा हो?"

सगळ्या माना वळल्या. काही सदस्यांना ती खुर्ची तिथे आहे हे पहिल्यांदाच दिसत असावं. तिच्यासमोर माइक नव्हता.

"अकरा," ती म्हणाली. "हे धरून बारा."

कुलगुरूंनी पेन खाली ठेवलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. मग कुलगुरू म्हणाले, "असं असेल तर पुढच्या सभेत हा पहिला विषय घ्या. लिहा तसं."

तिने तसं लिहिलं.

सगळे गेल्यावर तिने पाट्या गोळा केल्या, अर्धे राहिलेले ग्लास शिपायाने उचलले. खाली आपल्या खोलीत येऊन तिने इतिवृत्त पक्कं करायला घेतलं. पाळणाघराशी येऊन पेन जरा अडखळलं. भिंतीलगत बसलेल्या माणसाचं बोलणं कसं नोंदवायचं, याचा नमुना कुठल्याच जुन्या खंडात नव्हता. तिने लिहिलं, 'सदर विषय यापूर्वी अकरा वेळा पुढे ढकलण्यात आल्याचे माननीय सदस्यांनी निदर्शनास आणून दिले.'

मग नवा कागद घेतला. पुढच्या सभेची विषयपत्रिका. वरच्या ओळीत तिने १ काढला, जरा दाबून, आणि त्याच्यापुढे पाळणाघर लिहिलं. बाहेर जिना झाडल्याचा आवाज येत होता. घड्याळात पाच वाजून गेले होते. तिने फोन पिशवीत टाकण्याआधी एकदा बघितला. कुणाचा आलेला नव्हता. फोनचा आवाज चालू होता.